शिंपा, वळवा, वाळवा : जेवणाच्या टेबलाची जवळजवळ बिनखर्ची सजावट

तेंदूचं वाळलेलं पान मुठीत दाबलं तर त्याचा चुरा होतो. बिडी वळणाऱ्या घरात हेच पान पाणी शिंपडून रात्रभर ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सकाळी ते कात्रीने सुबक कापता येतं आणि बारीक नळीसारखं गुंडाळताही येतं, कुठे चीर जात नाही. पुढे बिड्या शेकून कोरड्या केल्या की पान पुन्हा कडक होतं, पण उलगडत मात्र नाही. गोंदिया, तिरोडा, भंडारा या पट्ट्यात हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे. एकच पान आधी मोडतं, मग वळतं आणि शेवटी वळलेलंच राहतं. हे होतं कसं?

बिडीशी आपल्याला इथे कर्तव्य नाही. पण हे कोडं ज्याला सुटलं त्याला जेवणाच्या टेबलाच्या सजावटीसाठी दुकानात जायची फारशी गरज उरत नाही. भंडाऱ्यातून १९९९ साली वेगळा झालेला गोंदिया जिल्हा धानाचा, जंगलाचा आणि तळ्यांचा. इथे बांध्यांमधून धान पिकतं, धुऱ्यांवर, म्हणजे शेताच्या बांधांवर, आणि पडीक जागी पळस उभा असतो, बांबूची बेटं गावालगतही दिसतात. पळसाचं पान, बांबूची कामटी आणि धानाची काडी दिसायला वेगवेगळी असली तरी तिघांनाही तेंदूच्या पानाचाच नियम लागू पडतो.

प्लास्टिकची फुलं आणि मण्यांच्या चटया बाजारात स्वस्त मिळतात, हे खरं. पण आपल्या घरांत टेबल बहुधा स्वयंपाकघरातच किंवा त्याला लागून असतं. फोडणीच्या वाफेतलं तेल या फुलांवर बसतं, तेलावर धूळ बसते आणि सहा महिन्यांत गुलाबाचा रंग मळकट होतो. ती फुलं धुवायला कुणालाच वेळ नसतो. महिन्या-दोन महिन्यांनी टाकून नवी करता येते, ती सजावट टेबलाला जास्त शोभते.

पाणी आत जाऊन काय करतं

झाडाचं पान, बांबू, धानाची काडी, कापसाचा धागा या सगळ्यांचा सांगाडा मुख्यतः एकाच पदार्थाचा असतो. त्याचं नाव सेल्युलोज. साखरेचे छोटे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांबच लांब माळ म्हणजे सेल्युलोज. अशा असंख्य माळा शेजारी शेजारी पडून तंतू तयार होतात. शेजारच्या माळा एकमेकींना धरून ठेवतात त्या एका हलक्या आकर्षणाने. रसायनशास्त्रात त्याला हायड्रोजन बंध म्हणतात. एकटा बंध दुबळा असतो, पण त्यांची संख्या अफाट असते. म्हणून कोरडं पान ताठ राहतं आणि जबरदस्तीने वाकवलं की वाकण्याऐवजी तुटतं. माळांना सरकायला जागाच नसते.

पाणी आत शिरलं की त्याचे रेणू दोन माळांच्या मध्ये घुसतात आणि माळांनी एकमेकींना दिलेले हात स्वतःकडे वळवून घेतात. पकड सैल होते. आता पान वाकवलं तर माळा एकमेकींवरून किंचित सरकतात आणि पान न तुटता नवा आकार घेतं. त्याच अवस्थेत पाणी उडून गेलं की माळा जिथे पोचल्या तिथेच पुन्हा एकमेकींना धरतात. नवा आकार पक्का होतो.

सुती सदऱ्याला इस्त्री करताना आपण हेच करतो. पाणी शिंपडतो, कापड हवं तसं दाबून धरतो आणि गरम इस्त्रीने ते पाणी उडवून टाकतो. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच, तेव्हा ही नुसती उपमा नाही. सदऱ्याच्या बाहीत आणि पळसाच्या द्रोणात खरोखर एकच गोष्ट घडते. पावसात भिजलेल्या सदऱ्याची इस्त्री का मोडते, हेही यातूनच कळतं.

यातून कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, वस्तू पूर्ण वाळेपर्यंत तिला त्याच आकारात धरून ठेवायचं. वजन, दोरा, कपडे वाळत घालायचा चिमटा, काहीही चालेल. अर्धवट वाळल्यावर सोडली तर ती थोडी उलगडतेच. दुसरी, पाणी बेताचं हवं. तंतूंच्या भिंती ठरावीक मर्यादेपर्यंतच पाणी पितात; लाकडात ही मर्यादा कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आसपास असते. त्यापुढचं पाणी पोकळ्यांमध्ये नुसतं साचतं. त्याने वस्तू अधिक मऊ होत नाही, वाळायला मात्र उशीर लागतो आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. म्हणून जाणती माणसं पानं बुडवत नाहीत, शिंपडतात. तिसरी गोष्ट वेळेची. शिंपडलेलं पाणी आधी वरवरच असतं. ते सगळीकडे सारखं मुरायला काही तास लागतात. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवण्याचं कारण हेच.

आधी टेबल मोजा

वस्तू करण्याआधी ती ठेवणार कुठे हे पाहिलेलं बरं. सहा माणसांचं साधारण टेबल ९० सेंटिमीटर रुंद असतं. समोरासमोर दोन ताटं मांडली तर प्रत्येकी ३० प्रमाणे ६० सेंटिमीटर तिथेच गेले. उरलेल्या फूटभर पट्ट्यात वरणाचं पातेलं, भाताचं भांडं, पोळ्यांचा डबा, लोणच्याची बरणी आणि पाण्याचा जग. परदेशी मासिकांत टेबलाच्या मधोमध फुलांचा मोठा गुच्छ दिसतो, कारण तिथे बऱ्याचदा पदार्थ ताटात वाढूनच येतो. आपल्याकडे वाढणं जेवणाच्या मधोमध चालू असतं. गुच्छ ठेवला तर आमटीचा डाव त्याला वळसा घालून न्यावा लागेल.

आपल्या जुन्या पंगतीने हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. तिथे सजावट ताटाच्या भोवती असे : रांगोळीची महिरप, पाटाभोवतीच्या वेली, बाजूला उदबत्ती. लग्नाच्या रुखवतात मण्यांच्या आणि क्रोशाच्या महिरपी असतात, त्याही ताटाभोवती मांडण्यासाठीच. पंगत जमिनीवरून टेबलावर आली तरी हा विचार टिकवण्यासारखा आहे. मधला भाग भांड्यांना सोडा आणि ताटाखालची व ताटाभोवतीची जागा सजवा.

मध्ये काही ठेवायचंच असेल तर ते वीतभरापेक्षा उंच नको. बसलेल्या माणसाचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ४०-४५ सेंटिमीटरवर असतात. त्या उंचीला पोचणारी सजावट समोरच्याचा चेहरा झाकते. उग्र वासाची फुलंही नकोत. चव म्हणून आपल्याला जे जाणवतं त्यातला मोठा वाटा वासाचा असतो, घास चावताना तो घशामागून नाकात पोचतो. निशिगंधाच्या शेजारी बसून भाजीतल्या सांभाराची, म्हणजे आपल्या कोथिंबिरीची, चव नीट लागत नाही. इथे पळसाचं फूल उपयोगी पडतं. सुंदर पण गंधहीन म्हणून ते संस्कृत कवींच्या काळापासून बदनाम आहे. जेवणाच्या टेबलावर हा दुर्गुण मोठा गुण ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली पडलेली ताजी फुलं उथळ पितळी वाटीत पाण्यावर सोडली की झालं. याहून स्वस्त आणि भडक सजावट सापडणं कठीण.

पळसाचं मधलं पान

पळसाला पानं तीनच, ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. त्या तिघांत फरक असतो, हे मात्र पत्रावळी लावणाऱ्यालाच ठाऊक असतं. बाजूची दोन पानं थोडी तिरपी, एका अंगाला जास्त फुगलेली असतात. मधलं पान मोठं आणि दोन्ही अंगांनी सारखं. ताटाखालच्या चटईसाठी मधली पानं वेगळी काढावीत. बाजूच्यांचे लहान द्रोण चांगले होतात.

फुलं सरल्यावर उन्हाळ्यात नवी पानं फुटतात. कोवळी, तांबूस पानं तोडू नयेत. त्यांच्या पेशींच्या भिंती पातळ असतात आणि आत पाणी भरपूर, त्यामुळे वाळताना ती आक्रसून वेडीवाकडी होतात. पूर्ण हिरवी, चामड्यासारखी झालेली पानं घ्यावीत, पुसून एकावर एक रचावीत आणि वर पाटा किंवा जाड पुस्तकं ठेवून सावलीत वाळवावीत. उन्हात टाकली तर वरची बाजू आधी वाळते, खालची मागे राहते आणि पान पापडासारखं मुरडतं. नीट वाळलेली पानं कोरड्या जागी वर्षभर राहतात. लागतील तेव्हा शिंपडून घ्यायची.

आता चटई लावू. रुंद जागेवर एक पान पालथं नाही, सुलटं ठेवा. गुळगुळीत बाजू वर यायला हवी. खालच्या बाजूला शिरा उठून असतात आणि बारीक लव असते, तिच्यात खरकटं अडकतं. त्याच्याभोवती आठ-दहा पानं अशी मांडा की प्रत्येक पान शेजारच्यावर किमान दोन बोटं चढलेलं असेल. जोडायला चोया लागतात, म्हणजे बांबूच्या सुईसारख्या बारीक काड्या. नसतील तर कडुनिंबाच्या पानाची मधली वाळलेली काडी चालते. चोय वरून खाली टोचून लगेच पुन्हा वर काढायची आणि उरलेलं टोक मोडून टाकायचं.

टोचताना एक शीर चोयीच्या कवेत यायला हवी. पान फाटतं ते दोन शिरांमधल्या पातळ भागातून. जाड शीर आडवी आली की फाटणं तिथे थांबतं. दुसरी गोष्ट, पान ओलसर आणि चोय मात्र कोरडी हवी. ओल्या पानाला पडलेलं भोक पान वाळताना त्याच्याबरोबर आक्रसतं आणि चोयीला आवळून धरतं. दोन्ही ओली असतील तर वाळताना चोयही बारीक होते आणि पकड ढिली पडते. गाठ नाही, गोंद नाही, तरी पत्रावळ सुटत नाही याचं कारण हे आवळणं आहे.

द्रोणाचं गणित थोडं वेगळं. सपाट कागदाची किंवा पानाची वाटी सुरकुतीशिवाय होऊच शकत नाही. सपाट वर्तुळाची कड लांब असते. वाटीच्या तोंडाची कड त्यापेक्षा आखूड. जास्तीची लांबी कुठेतरी दुमडावीच लागते. द्रोणाच्या चार बाजूंच्या चुण्या ही ती जास्तीची लांबी. चुण्या समोरासमोर आणि सारख्या घेतल्या तर द्रोण टेबलावर डुगडुगत नाही. ओल्या द्रोणात बरोबर बसणारी स्टीलची वाटी ठेवून तो वाळवला तर तळ सपाट होतो. यात मीठ, चटणी, बडीशेप ठेवा किंवा पाच-सात फुलं.

यंत्रावर होणाऱ्या पत्रावळींत हेच तत्त्व आहे, फक्त तिथे तापवलेल्या धातूच्या साच्यात दाब आणि उष्णता एकदम मिळते. महाराष्ट्राने २०१८ साली थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली, १ जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने देशभर एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आणली, आणि पानांच्या ताटांना पुन्हा किंमत आली. पण साच्यातली पत्रावळ सगळीकडे सारखीच दिसते. हाताने लावलेल्या चटईत पानांचं चढणं-उतरणं दिसतं, आणि सजावट म्हणून शोभतं ते तेच.

पानं आणायची तर धुऱ्यावरची, परिचिताच्या शेतातली आणावीत. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून काहीही तोडून आणायला मनाई आहे, आणि रस्त्याकडेच्या पळसावर धूर-धूळ इतकी असते की ते जेवणाजवळ नकोच.

बांबू : जाडी निम्मी, जोर आठवा हिस्सा

गोंदियाच्या जंगलात जो बांबू मुख्यतः आहे त्याला मानवेल म्हणतात. भिंत जाड, काही ठिकाणी जवळजवळ भरीव. त्याचे तंतू बुंध्याकडून शेंड्याकडे सरळ, एकमेकांना समांतर धावतात. आडवे तंतू नसल्यातच जमा. म्हणून आडवा तोडायला घाम निघतो, पण उभा कोयता घातला की तो फटकन चिरत जातो.

बुरड कारागिराचं काम पाहिलंत तर तो बांबूचे आधी दोन सारखे भाग करतो, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन सारखे. एका बाजूने पातळ पट्टी सोलत बसत नाही. दोन्ही बाजू सारख्या जाड असतील तर दोन्हींवर ताण सारखा येतो आणि चीर मधूनच जाते. एक बाजू पातळ असेल तर ती जास्त वाकते आणि चीर तिच्याकडे वळून अर्ध्यावरच बाहेर पडते. चीर भरकटायला लागली तर कारागीर जाड बाजू थोडी अधिक वाकवतो. चीर पुन्हा मध्यावर येते. घरी कामटी चिरताना हे लक्षात ठेवलं तर निम्म्या कामट्या वाया जायच्या वाचतात. (कोयता मुलांच्या हातात देऊ नये. तयार कामट्या आठवडी बाजारात बुरडांकडे मागितल्या तर मिळतात, आणि कडा तासून घेतल्या नसतील तर त्या बोट कापतात.)

हातपुसण्याच्या रुमालाला कडी करायची असेल तर कामटी किती पातळ हवी? पट्टी वाकवायला लागणारा जोर तिच्या जाडीच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली की जोर निम्मा नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे न वाकणाऱ्या कामटीशी झटापट करण्यापेक्षा ती आणखी एकदा चिरणं शहाणपणाचं. मग ओली करा आणि वाकवताना हिरवी साल बाहेरच्या बाजूला ठेवा. सालीजवळ तंतूंची दाटी असते, ते ताण चांगला सोसतात. आतला गर मऊ असतो, तो दबून घेतो. साल आत ठेवलीत तर ताण मऊ गरावर येतो आणि कामटी तडकते. वाकवलेली पट्टी पेल्याभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधा, दोन दिवस वाळू द्या, मग टोकं एकमेकांत अडकवा.

विणलेल्या चटईत एक फसवी गोष्ट आहे. बांबू पाण्याने रुंदीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाहीच. चिंब भिजलेल्या पट्ट्यांनी घट्ट विणलेली चटई वाळल्यावर प्रत्येक पट्टी थोडी अरुंद होते आणि फटी पडतात. म्हणून पट्ट्या नुसत्या दमट असताना विणायच्या, चटई वाळू द्यायची, मग पट्ट्या एकमेकींकडे सरकवून घट्ट करायच्या आणि त्यानंतरच कडा बांधायच्या.

बांबूला घुण लागते ती आतल्या पिठूळ साठ्यासाठी, म्हणजे स्टार्चसाठी. तळ्यात किंवा बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बांबू काही आठवडे बुडवून ठेवण्याच्या पद्धतीमागचं कारण हे आहे. स्टार्च पाण्यात निघून जातो आणि किड्याला खायला फारसं उरत नाही. टेबलापुरत्या लहान कामट्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळूनही काम भागतं. स्वतःच्या बांधावर बांबू लावलेल्यांना एक सोय झाली आहे : २०१७ साली भारतीय वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाडा’च्या व्याख्येतून वगळला गेला.

तणसाचं चुंबळ

डोक्यावर घागर नेताना ठेवायचं चुंबळ आता कमी दिसतं. टेबलावर मात्र त्याला उत्तम काम आहे : गरम पातेल्याखाली. गोल बुडाचं भांडं त्यावर डळमळत नाही, आणि टेबलाचं पॉलिशही वाचतं. तणस म्हणजे धानाची काडी, ती आतून पोकळ असते. पोकळीत आणि काड्यांमध्ये अडकलेली हवा हलत नाही, आणि न हलणारी हवा उष्णता फार हळू पुढे नेते.

काड्या निवडताना हाताने कापलेल्या धानाच्या पेंढ्या बघाव्यात. हार्वेस्टरमधून आलेलं तणस चिरडलेलं असतं. लोंबीच्या लगेच खालचा दांडा सर्वांत लांब आणि बिनगाठीचा असतो, शोभेच्या कामाला तो घ्यावा. बाकीचं चुंबळाच्या पोटात जातं.

हातभर लांबीच्या सुट्या काड्यांचा वाटेल तितका लांब दोर होतो, गोंद न लावता. हे पीळ दिल्यामुळे होतं. पीळ दिलेल्या काड्या एकमेकींभोवती तिरप्या गुंडाळल्या जातात. दोर ओढला की तिरप्या काड्या सरळ व्हायला बघतात आणि तसं करताना आतल्या काड्यांना दाबतात. जितकं ओढाल तितका दाब जास्त, दाब जास्त तितकं घर्षण जास्त, आणि घर्षण काड्यांना सुटू देत नाही. नवी काडी जोडताना जुनीचं टोक संपण्याच्या बरंच आधी ती आत घालावी आणि सगळी टोकं एकाच जागी येऊ देऊ नयेत.

पण एकट्या पिळाला उलटा फिरून सुटायची ओढ असते. यावर युक्ती अशी : दोन पेड घ्या, दोन्हींना उजवीकडे पीळ द्या आणि मग ते एकमेकांभोवती डावीकडे गुंडाळा. प्रत्येक पेड सुटायला बघतो, पण त्याचं सुटणं म्हणजे जोडीचं अधिक आवळणं. दोघांची ओढ एकमेकांना अडवते आणि दोर शांत पडून राहतो. असा दोर चकलीसारखा गुंडाळून दाभणाने सुतळीचे टाके घातले की चुंबळ तयार. हे सगळं काड्या दमट असताना; कोरडी काडी पिळली की तिचे तुकडे होतात. धान जमिनीतून भरपूर सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, शोषून घेतं, म्हणून काडी चरचरीत असते आणि पाणी मुरायला वेळ घेते. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं.

लोंब्यांचा लहान गुच्छ हवा असेल तर कापणीच्या आधी आठवडाभर, दांडा अजून थोडा हिरवा असताना लोंब्या काढाव्यात. पूर्ण पिकलेल्या लोंबीचे दाणे हात लागताच झडतात. गुच्छ उलटा टांगून सावलीत वाळवायचा. उभा ठेवला तर दाण्यांच्या वजनाने माना वाकतात आणि वाकलेल्याच वाळतात. उलटा टांगला तर तेच वजन दांड्यांना सरळ ओढतं. शेजारच्या छत्तीसगडात दिवाळीच्या सुमारास अशा लोंब्यांच्या विणलेल्या झालरी चिमण्यांसाठी दारावर टांगतात. टेबलावर ठेवलेल्या गुच्छाचंही पुढे तेच करावं.

पेज, खळ आणि रंग

तांदळाच्या गावात खळीला पैसे पडू नयेत. भाताची पेज गाळून आटवली की खळ होते. कच्च्या तांदळाच्या पिठाचं पाणी चिकटत नाही आणि शिजवल्यावर चिकटतं, याचं कारण स्टार्चचे घट्ट कण. साधारण ६५ ते ७५ अंश तापमानाला ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि आतले लांब रेणू पाण्यात पसरतात. हे रेणूही साखरेच्याच माळा, सेल्युलोजचे नातेवाईक. कापडावर किंवा कागदावर वाळताना ते तंतूंना धरून ठेवतात.

जुन्या सुती साडीचा गोल तुकडा खळीत बुडवून पालथ्या वाटीवर चुण्या बसवत वाळवला तर हलकी परडी होते. टेबलाच्या मधोमध पट्टी घालायची तर त्याच साडीचा काठ खळ देऊन इस्त्री केला तरी पुरे, फार कौशल्य लागत नाही. खळ पातळ ठेवून दोनदा लावावी. जाड थर तडकतो. कीड लागू नये म्हणून बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, जेवणाच्या टेबलावर चालणार नाही.

रंगासाठी पळसाची फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. त्यात चिमूटभर खायचा चुना टाकला तर तो लालसर होतो. हळदीचं कुंकू होतं त्याच प्रकारे. दोन्ही रंग उन्हात विटतात, त्यामुळे खिडकीजवळच्या टेबलावर फार अपेक्षा ठेवू नयेत. शिवाय हे रंग कापडावर चांगले चढतात. तणसाच्या मेणचट काडीवर फारसे धरत नाहीत. रांगोळी थेट टेबलावर घालू नये असं माझं मत. पंख्याने ती उडते, आणि पोळीवर बसलेली शिरगोळ्याची पूड कुणालाच आवडत नाही.

चौकट : पावसाळ्यात टेबलावरचं काय करायचं?

ज्या पाण्याने आकार दिला तेच पाणी हवेतून परत येऊन तो काढून घेतं. जून ते सप्टेंबर द्रोण पसरतात, कड्या सैल पडतात, खळ दिलेलं कापड लुळं होतं. खळ स्वतःच ओल धरते, म्हणून तिचा आणखी एक थर देऊन उपयोग नाही.

बांबूच्या वस्तूंना सुताराकडच्या चपडा लाखेचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, पातळ हात द्यावा. ही लाख ज्या किड्यांपासून मिळते ते पळसावरही पोसले जातात. स्पिरिट विषारी आणि ज्वालाग्राही आहे. हात खिडक्या उघडून, चुलीपासून लांब द्यावा आणि वस्तू पूर्ण वाळू द्यावी. लाख दिलेल्या वस्तूवर गरम भांडं ठेवलं की पांढरा डाग पडतो, आणि थेट अन्नही तिच्यात ठेवू नये.

पानांच्या आणि तणसाच्या वस्तूंना काहीच लावू नका. चुलीजवळ किंवा उन्हाच्या तिरिपीत अधूनमधून सुकवा. काळे ठिपके दिसले की टाकून द्या.

वाळलेल्या पानांजवळ उघडी पणती ठेवू नका. दिवा हवाच असेल तर पाण्याने भरलेल्या रुंद भांड्यात तरंगता ठेवा.

टाकताना

या सगळ्या वस्तू जुन्या झाल्या की खड्ड्यात टाकता येतात, खत होतं. पानं लवकर कुजतात, तणसाला सिलिकेमुळे थोडा वेळ लागतो, बांबूला सर्वांत जास्त. लाख किंवा रंगीत दोरा लावलेल्या वस्तू वेगळ्या काढाव्यात.

पळसाच्या चटया आणि द्रोण बरेच लोक गोठ्यात टाकतात, कारण गुरं ती खातात. टाकायच्या आधी चोया मात्र एकेक करून उपसून काढा. त्या वाळून टणक झालेल्या असतात आणि गुरांच्या तोंडाला, घशाला टोचतात.